पिवळ्या सुताची पेठ

माझं शिक्षण दुसरी पास. तिसरीत मास्तरांनी हातावर छडी मारली, मी पाटी तिथंच ठेवली आणि बापाच्या मेंढरांमागं निघून गेलो. पुन्हा शाळेची पायरी चढलो नाही. तरी सोलापुरात डॉक्टरीची परीक्षा पास झालेली माणसं माझ्याकडं शिकायला यायची हे खरं आहे, आणि हे मी आजवर ज्याला त्याला सांगत आलोय. नातवंडांना सांगितलं, सोयऱ्यांना सांगितलं, दाढी करताना न्हाव्यालाही सांगितलं. सांगताना त्यातल्या एकाचा विषय मात्र कधी काढला नाही. तो आता काढतो.

त्या काळी थंडी पडायला लागली की गावात प्लेगची धास्ती सुरू व्हायची. घरात उंदीर पडला की माणसं अंथरूण, भांडी, शेरडं घेऊन गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहायची. पण उंदीर पडेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. म्हणून पेठापेठांतून पिंजरे लावून जिवंत उंदीर धरायचे, मारून फाडून बघायचे, आणि एखाद्यात प्लेग दिसला तर ती पेठ आधीच हलवायची, असं काम निघालं होतं. त्यासाठी दवाखान्याच्या मागं एक लांबट खोली होती. लोक तिला उंदीरखोली म्हणायचे. दुसरं कुणी उंदराला हात लावायला तयार नव्हतं म्हणून मला तिथं नोकरी लागली.

आमचं गाव नातेपुत्याकडं. एका दुष्काळात मेंढरं गेली आणि मी सोलापूर धरलं. पण मेंढरं गेली तरी मेंढराची विद्या अंगात होती. फाशी नावाच्या रोगानं मेलेल्या मेंढराची पोटातली पानथरी कशी सुजते, रक्त कसं काळं पडतं, ते मी पोरवयात बघितलं होतं. उंदीर म्हणजे मला वीतभर केलेलं मेंढरूच. पहिल्या हिवाळ्यातच मी चामडी उलगडली की सांगायला लागलो. कातड्याखाली लाली, मानेत नाहीतर जांघेत गाठ, छातीत पाणी, काळजावर खसखस पेरल्यागत बारीक ठिपके, आणि पानथरी फुगलेली. एवढं दिसलं की मी मोठ्या डॉक्टरांना म्हणायचो, ‘हा हाय बघा.’ मग ते जंतू बघायच्या दुर्बिणीखाली काच घालायचे आणि खरंच असायचा.

मोठे डॉक्टर म्हणजे खोलीचे मुख्य. पुण्याचे होते, कमी बोलणारे. बाहेरून कोणी साहेब बघायला आला की ते माझ्याकडं हात करून सांगायचे, ‘हे आमचे मामा. दुर्बिणीच्या आधी यांचा डोळा सांगतो.’ ते वाक्य मी किती वेळा मनात घोळवलंय ते सांगायची सोय नाही.

दर हिवाळ्याला एक-दोन नवे डॉक्टर शिकायला यायचे. पुस्तकं घेऊन यायचे आणि पहिल्या दिवशी ओकायचे. मोठे डॉक्टर त्यांना माझ्या हवाली करायचे. माझा कायदा असा होता की महिनाभर दुर्बिणीला हात लावायचा नाही. आधी डोळा, मग काच. चिमटा चुकीचा धरला की मी त्यांच्या बोटांवर चिमट्यानंच मारायचो.

‘काय दिसतंय?’

‘प्लीहेची वृद्धी.’

‘त्ये पुस्तकात. हितं काय दिसतंय?’

‘पानथरी मोठी आहे, मामा.’

‘कशापरीस मोठी? कालच्या उंदराची बघितली व्हती का?’

बघितलेली नसायची. मग मी त्यांना कालचा, परवाचा, सगळे आठवायला लावायचो. हे शिकवणं चांगलं होतं असं मी आजही म्हणेन. पण त्यांनी घाबरावं हेही मला आवडायचं. शिकलेला माणूस माझ्यापुढं मान खाली घालून उभा राहिला की मास्तरांची छडी परत केल्यासारखं वाटायचं.

आता सुताचं सांगतो. कुठला उंदीर कुठल्या पेठेतला, हे ठाऊक असल्याशिवाय या कामाला काही अर्थ नाही. आधी कागदाच्या चिठ्ठ्या बांधायचे. पिसवा मारायला उंदीर घासलेटात बुचकळला की चिठ्ठीचा लगदा व्हायचा. मी युक्ती काढली. गिरणीच्या रंगखात्यात ओळखीचा माणूस होता, त्याच्याकडून रंगीत सुताच्या गुंड्या आणल्या. प्रत्येक पेठेला एक रंग. पिंजऱ्याला त्या रंगाचं सूत, आणि उंदीर काढला की त्याच्या मागच्या पायाला तेच सूत मी माझ्या हातानं बांधायचो. गिरणीचं सूत काही केल्या रंग सोडायचं नाही. खोलीत मग पेठांची नावंच मागं पडली. हिरवी पेठ, निळी पेठ, लाल पेठ. तेलुगू बोलणारे विणकर दाटीनं राहायचे ती पिवळी.

ज्याच्याबद्दल सांगायचंय तो डॉक्टर अक्कलकोटकडचा. घरी कानडी बोलणारा. वडील देवळात पूजेला होते. अंगानं काडी, आवाज बारीक. पहिल्या दिवशी तो ओकला नाही, यानंच मला जरा राग आला. दुसरं म्हणजे प्रश्न. मी काही सांगितलं की त्याचं ठरलेलं असायचं, ‘हे कशावरून, मामा?’

‘मी सांगतो त्यावरनं.’

‘ते झालंच. पण तुम्हाला कशावरून कळलं?’

टोमणा नव्हता त्यात. खरंच जाणून घ्यायचं असायचं त्याला. वहीत उंदरांची चित्रं काढायचा, कानाला चीर असली तर तीही काढायचा. त्याला पुढं मुंबईला जायचं होतं, जिथं मोठ्या प्रयोगशाळेत लस करतात तिथं. हिवाळा संपला की मोठ्या डॉक्टरांनी चांगलं पत्र दिलं तरच ते जमणार होतं. एकदा हात धुताना म्हणाला, ‘रोग्यासमोर मला बोलता येत नाही, मामा. त्याचा चेहरा बघितला की मी गांगरतो. दुर्बिणीखाली बरं असतं. जे दिसतं ते दिसतं.’

एके दिवशी त्यानं घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून छोटे बिल्ले करून आणले. खिळ्यानं आकडे ठोकलेले.

‘सुताच्या जोडीला हेही बांधू या का? एखादं सूत सुटलं तर?’

‘माझ्या हातची गाठ सुटत न्हाय, डॉक्टर.’

‘गाठीबद्दल नाही म्हणत मी. आपलं दोन खुणा असलेल्या बऱ्या.’

‘लगीन एकदा लागलं म्हंजे पुन्यांदा लावत्यात का?’

खोलीतली माणसं हसली. तोही हसला. बिल्ले मी फळीवर मागच्या बाजूला सारून टाकले.

संक्रांतीच्या सुमाराला पिवळं सूत संपलं. गिरणीत जाऊन दुसरी गुंडी आणायला अर्धा दिवस मोडला असता. घरी पुतणीच्या लग्नातलं, हळदीत भिजवून वाळवलेलं सूत उरलं होतं, हळकुंड बांधायला करतात ते. रंग अगदी तसाच. थोडं खिशात घालून आणलं आणि पिवळ्या पेठेच्या उंदराला तेच बांधलं. त्यात त्याच दिवशी घासलेटही आलं नव्हतं. मी बंबातलं कढत पाणी काढलं, त्यात धुण्याचा सोडा आणि फिनेल घातलं आणि उंदीर त्यात बुचकळून ठेवले. दोन्ही गोष्टी मी माझ्या अकलेनं केल्या. कुणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

दुपारी उंदीर फळ्यांवर लावले. तो डॉक्टर एका उंदरापाशी थांबला.

‘मामा, याच्या पायात लाल सूत आहे.’

‘मग लाल पेठंतला.’

‘हा तर पिवळ्या पेठेच्या पिंजऱ्यातून आला होता. सकाळी मी दारात बघितला. याच्या शेपटीचा शेंडा तुटलाय.’

‘मुलखात एकाच उंदराची शेपटी तुटलीया का?’

‘तसं नाही. आज पिवळ्या सुताचा एकही उंदीर दिसत नाही, म्हणून म्हटलं.’

‘येखाद्या दिशी न्हाय घावत. डॉक्टर, डोळं दिल्यात ते कशाला? सूत बघा. कंचं हाय?’

‘लाल आहे.’

‘मग लिवा लाल.’

त्यानं दौतीत टाक बुडवला, क्षणभर थांबला आणि लिहिलं. तो थांबला होता, हे मी बघितलं होतं.

उंदीर फाडला तर प्लेगचा. मी चामडी उलगडतानाच सांगितलं. त्यानं पानथरीचा लेप काचेवर घेतला, रंग दिला, दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ हललाच नाही. मग म्हणाला, ‘मामा, दोन्ही टोकं गडद, मधे फिकट. पुस्तकात आहेत अगदी तशा कांड्या.’ त्यानं स्वतः काढलेला तो पहिला जंतू. मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशीपासून लाल पेठ हलवली. माणसं कुरकुरत माळावर गेली, घरांची कौलं उतरवून ऊन आत घेतलं. पिवळ्या पेठेत माग चालूच होते. आठवडा उलटला आणि तिथली एक विणकराची बायको तापानं पडली. जांघेत गाठ आली. चौथ्या दिवशी गेली. तिच्यामागं शेजारच्या दोन घरांत ताप निघाला, ते जगले. मग ती पेठ हलली. लाल पेठेतली माणसं माळावरून परत येताना आमच्या खोलीपुढं उभी राहून विचारायला लागली, ‘आमच्यात कुटं हाय पलेग? दाखवा की.’

त्याच आठवड्यात बायकोनं माझा खुंटीवर पडून राहिलेला सदरा धुवून दोरीवर टाकता टाकता मला हाक मारली.

‘अवो, खिशात हळदीचं सूत ठिवून सदरा धुण्यात टाकला व्हय? बघा ह्ये डाग.’

खिशावर लाल डाग होते. मी म्हटलं, ‘हळदीचा डाग लाल कसा?’

‘आता काय म्हनावं. हळदीला साबण लागला, सोडा लागला की लाल व्हतीया. कुकू कशाचं करत्यात? साळंत न्हाय गेला ते न्हाय गेला, घरात बी डोळं मिटूनच ऱ्हायलाव का?’

मी ओट्यावर बसलो. तिनं विचारलं काय झालं. मी सांगितलं सगळं. ती धुणं तसंच ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, ‘मग जावा आन् सांगा डॉक्टरास्नी.’

मी म्हटलं, सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांनीच मला आणि त्या डॉक्टरला बोलावलं. पिंजरेवाल्याला विचारून झालं होतं. त्यानं सांगितलं होतं की त्या दिवशी पिवळ्या पेठेतला एक उंदीर त्यानं आणून दिला होता. वहीत पिवळ्याची नोंद नव्हती. मोठे डॉक्टर चढ्या आवाजात बोलत नव्हते. त्यांनी मला विचारलं, ‘मामा, पायाला सूत तुम्ही बांधता. त्या उंदराला कोणतं बांधलंत?’

तिथं सांगायचं होतं. पण मोठे डॉक्टर माझ्याकडं ज्या भरवशानं बघत होते, त्या भरवशानं मला वाईट बुद्धी दिली. दुसरी पास माणूस, त्याला घरच्या हळदीची अक्कल नाही, हे मी त्या खोलीत स्वतःच्या तोंडानं म्हणायचं होतं.

मी म्हटलं, ‘पिवळंच बांधलं, सायेब.’

तो डॉक्टर माझ्याकडं वळला. ‘पण मामा, टेबलावर लाल होतं. तुम्हीच म्हणालात लिहा लाल.’

‘ज्याच्या पायात लाल व्हतं, त्याला मी लाल म्हटलं.’

एकेक शब्द खरा होता. मला अजूनही नवल वाटतं, की इतक्या खऱ्या शब्दांचं इतकं खोटं मला इतक्या चटकन जुळवता आलं. त्याचा अर्थ एकच निघत होता. पोरानं टेबलावर उंदरांची अदलाबदल केली.

मोठे डॉक्टर त्याला म्हणाले, ‘तुम्ही पिंजरा बघितला होता म्हणता. शंका होती. मग शंका वहीत का नाही लिहिली?’

तो म्हणाला, ‘चुकलं माझं.’

‘या कामात शंका आली तर शंकाच लिहायची असते.’

माझं नाव त्यानं पुन्हा घेतलं नाही. मुंबईचं पत्र मिळालं नाही. हिवाळा संपायच्या आधीच त्याला मोहोळच्या दवाखान्यात रोगी बघायला पाठवायचं ठरलं.

निघायच्या दिवशी तो खोलीत आला. मी एकटाच फळ्या घासत होतो. त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला आणि तसाच समोर बसला.

‘मामा, एक विचारू? पत्राचं नाही विचारत. त्या तुटक्या शेपटीच्या उंदराच्या पायात मला लाल सूत दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. तुम्ही शेजारी उभे होता. तुम्हाला दिसलं होतं का? एवढंच सांगा. तुम्हालाही दिसलं असेल तर माझे डोळे ठीक आहेत, गडबड दुसरीकडं कुठं तरी झाली, असं मी समजेन. नाहीतर...’

तो वाट बघत राहिला.

मुंबईचं पत्र हुकलं होतं, ते माझ्या हातात राहिलं नव्हतं. पण हे होतं. एवढं एक मी त्याला देऊ शकत होतो, आणि तेही कुणाला कळलं नसतं. पण मी हो म्हटलं तर त्याचा पुढचा प्रश्न मला ठाऊक होता. हे कशावरून, मामा? पिवळं बांधलेलं लाल कशावरून झालं?

मी घासायचं थांबवलं नाही. म्हटलं, ‘तुटकी शेपटी मला काय आठवत न्हाय. दिसभर दुर्बिणीला डोळा लावून बसलं म्हंजे व्हतो मानसाला भास.’

‘असेल,’ तो म्हणाला. मग उठला.

त्यानंतर मी ते पत्र्याचे बिल्ले फळीवरून काढले आणि सुताबरोबर बांधायला लागलो. पुढं शिकायला आलेल्या डॉक्टरांना मी सांगायचो, दोन खुणा ठेवाव्यात, ही माझी युक्ती. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मोठे डॉक्टरही म्हणाले, मामा, हे चांगलं केलंत.

बायकोनं त्या सबंध वर्षात दर थोड्या दिवसांनी विचारलं, ‘सांगितलं का?’ मी चिडायचो. मग तिनं विचारणं सोडलं. हळदीचा डबा मात्र माझ्यासमोर कधी ठेवायची नाही, मागं सारायची. त्याचाही मला राग यायचा.

बऱ्याच वर्षांनी एका सोयरिकीच्या बोलण्यासाठी मला मोहोळला जावं लागलं. मला खोकला होता. बायको निघताना म्हणाली, ‘ते डॉक्टर तितंच हायेत म्हनं. खोकला दावा. आन् दुसरं बी सांगा.’ इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच ते काढलं होतं. मी मान हलवली.

दवाखान्याच्या ओसरीत बाकावर बसलो. दार उघडंच होतं. तो अंगानं भरला होता, चष्मा लागला होता. समोर एक पोर घेऊन बाई बसली होती. त्यानं पोराच्या मानेखाली हलक्या बोटांनी चाचपलं, माझ्याच पद्धतीनं, दोन बोटं आडवी धरून. मग कंपाउंडरला हाक मारली.

‘जरा तुम्ही बघा. इथं गाठ लागते का?’

कंपाउंडरनं हात लावला. ‘लागतीया की, डॉक्टर. सुपारीएवढी.’

‘लागते ना? बरं.’ मग त्यानं कागदावर लिहिलं.

पुढच्या म्हाताऱ्याची जीभ बघितली, आणि पुन्हा, ‘तुम्हाला कशी वाटते? पिवळट?’ त्याच्या पुढच्याचं तसंच. कंपाउंडरला त्याची सवय झाली होती. औषध घोटता घोटता तो आपणहून पुढं यायचा, बघायचा, हो म्हणायचा. बाकावरचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, ‘डॉक्टर द्येवमाणूस हाय, पर कंपाउंडरला इचारल्याबिगर ताप हाय का न्हाय त्ये बी सांगत न्हाय.’ दुसरा हसला.

माझी पाळी आली. त्यानं मान वर केली आणि एकदम उभा राहिला.

‘मामा.’

त्यानं मला खुर्चीत बसवलं. कंपाउंडरला म्हणाला, ‘हे माझे गुरू. उंदीर नुसता बघून सांगायचे. असा डोळा मी पुन्हा पाहिला नाही.’ कंपाउंडरनं हात जोडले. मग त्यानं माझ्या पाठीला नळी लावली, श्वास घ्यायला लावला, इकडून ऐकलं, तिकडून ऐकलं. नळी काढून कंपाउंडरकडं दिली.

‘तुम्ही एकदा ऐका. उजवीकडं खाली घरघर आहे का?’

‘हाय, डॉक्टर.’

माझ्या पाठीवर त्या दुसऱ्या माणसाचा हात होता आणि तो डॉक्टर समोर उभा राहून त्याच्या तोंडाकडं बघत होता. मी सदरा खाली ओढला. त्यानं बाटलीत औषध भरून दिलं, चहा मागवतो म्हणाला. मी म्हटलं, गाडीची वेळ झाली. दारापर्यंत आला, पुन्हा वाकला. मी त्याला वाकू दिलं.

संध्याकाळी घरी पोचलो. बायकोनं बाटली हातातून घेतली, उजेडात धरून बघितली आणि विचारलं, ‘सांगितलं का?’

मी म्हटलं, ‘लई गर्दी व्हती.’

गर्दी नव्हती. बाकावर माझ्यामागं कोणीच बसलेलं नव्हतं.